घरी गिअरबॉक्स उघडताय? मग आधी इंजिनची केस सांभाळा

स्प्लेंडर किंवा तशा १०० सीसी गाड्यांमध्ये गिअरबॉक्स वेगळा नसतो, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) आणि गिअर एकाच केसमध्ये, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या कवचात, बसलेले असतात, त्यामुळे साधा एक गिअर बदलायचा म्हटलं तरी इंजिन उतरवून हेड, ब्लॉक, क्लच, मॅग्नेट सगळं काढून केसचे दोन भाग वेगळे करावे लागतात. गिअर दुकानात मिळतो हो, पण केस फुटली तर? एकतर आर्गन वेल्डिंग, नाहीतर केस बदला, आणि इंजिन नंबर केसवरच असतो म्हणजे आरटीओच्या चकरा आल्याच.

केस ओतीव ॲल्युमिनियमची असते, जोर लावला की ती वाकत नाही, तडकते. म्हणून एकच गोष्ट डोक्यात ठेवा, जोर लावावासा वाटला की थांबायचं आणि काय अडलंय ते शोधायचं.

बोल्ट सगळे एकदम नका काढू, आधी अर्धा अर्धा फेरा आलटूनपालटून सैल करा. पुठ्ठ्यावर केसचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड भोकात गेला की आटे तरी जातात नाहीतर केस तरी फुटते.

आता केस उघडत नाहीये. इथेच लोक स्क्रू ड्रायव्हर फटीत घालतात, आणि नेमकं तेच करायचं नाही! पॅकिंगच्या जागेवर एक ओरखडा पडला की तिथून ऑइल गळत राहतं. आधी एखादा बोल्ट राहिलाय का बघा, मातीखाली हमखास लपलेला असतो. मग प्लास्टिकच्या हातोडीने जाड भागावर हलकं ठोका, दोन्ही डॉवेल पिनांपाशी (केसचे भाग नेमके जुळवणाऱ्या छोट्या पिना) सारखी फट पडत गेली पाहिजे, एक बाजू पुढे गेली तर ती परत दाबून दुसरीकडून सुरू करा.

बेअरिंग थंड केसमधून ठोकून काढू नका. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून हीटगनने केस सगळीकडून सारखी १०० अंशांपर्यंत तापवा, पाण्याचा थेंब चुरचुरला की बेअरिंग बऱ्याचदा हलक्या टिचकीने सुटतं. गॅसची ज्योत एकाच जागी धरू नका, केस वाकडी होते. आणि पेट्रोलने धुतली असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय हीटगन जवळसुद्धा आणू नका. नवीन बेअरिंग बसवताना बाहेरच्या रिंगवरच दाब द्या. जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडायचं नाही, प्लास्टिकची पट्टी वापरा, वेळ लागतो पण लागू दे.

केस जोडायच्या आधी बोल्टच्या बंद (आरपार नसलेल्या) भोकांतलं ऑइल कापडाने टिपून काढा, हे फार जण विसरतात. तळाशी ऑइल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर ते दाबलं जाऊन जायला जागा मिळत नाही आणि केस आतून फुटते.

दोन्ही भाग हाताने दाबून जवळजवळ टेकले पाहिजेत. फट राहिली तर बोल्टने ओढून बंद करू नका, केसचे कान (बोल्ट बसतात ते बाहेर आलेले भाग) तुटतात, उघडून बघा, वॉशर सरकलाय किंवा शाफ्ट तिरका बसलाय. ६ मिमीच्या बोल्टला आवळायला साधारण १० ते १२ न्यूटन मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) पुरे, गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातलाच आकडा धरा, आणि आवळताना मध्ये मध्ये शाफ्ट हाताने फिरवून बघत राहा, जड लागला की तिथेच थांबा.