नीटचा पेपर अवघड निघाला? घाबरून या चुका करू नका

नागपुरात मे महिन्याचं ऊन आणि नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा, पेपर दुपारी 2 वाजता. दीडला गेट बंद होतं म्हणून मुलं तासभर आधीपासून रांगेत, तेही पाणी न पिता. मग छातीत धडधडतं, तोंड कोरडं पडतं आणि मुलाला वाटतं, आपण घाबरलो. ती निम्मी उन्हाची करामत असते. डोक्याला दुपट्टा बांधा, घरून पन्हं पिऊन निघा, बोलावेपर्यंत सावली सोडू नका. कामठी-हिंगण्याकडून येणाऱ्यांनी तर जास्तच वेळ हाताशी ठेवावा.

आत गेल्यावरची सगळ्यात महागडी चूक म्हणजे फिजिक्सच्या अडलेल्या गणिताला चिकटून बसणं. 180 प्रश्न, 180 मिनिटं. एका गणितात सहा मिनिटं घातली की तेवढ्यात बायोचे सहा-सात प्रश्न सहज झाले असते. बायोला 90 प्रश्न आणि 360 गुण, म्हणजे अर्धा पेपर. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात बायोनेच करा. दीड मिनिटात गणिताची वाट दिसली नाही, तर प्रश्नाला खूण करून पुढे चला. हुशार मुलांनाच हे जड जातं, कारण सोडून देणं त्यांना हार वाटते.

‘मलाच येत नाही’ हा दुसरा घात. 2024 ला 17 जणांना पैकीच्या पैकी 720 होते. 2025 ला देशात पहिला आलेल्याला 686. पेपर अवघड असला की सगळ्यांचेच गुण उतरतात, आणि मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी कॉलेजांतली सीट रँकवर मिळते.

डोकं बधिर झालं तर पेन खाली ठेवा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. बाहेर सोडलेला श्वास लांबला की नाडी हळू पडते. यात एक मिनिट जातं, ते जाऊ द्या.

घाबरून आंधळेपणाने गोळे काळे करू नका, पण घाबरून कोरेही सोडू नका. दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर उरलेल्यातला एक निवडा. अशा दहांपैकी पाच जरी बरोबर आले, तरी 20 वजा चुकलेल्या पाचांचे 5, म्हणजे 15 गुण हातात.

ओएमआर, म्हणजे गोळे भरायची उत्तरपत्रिका, शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलू नका. पान संपलं की त्या पानाचे गोळे भरा. आणि ओळ घसरलीच, म्हणजे 57 सोडला आणि 58 चं उत्तर 57 वर गेलं, तर जिथे लक्षात आलं तिथेच थांबा. बॉलपेनचा गोळा खोडता येत नाही. त्याच ओळीत दुसरा गोळा भरून दुरुस्तीही होत नाही. झालेल्या ओळी तशाच सोडा. पुढच्या प्रश्नाचा क्रमांक मनात म्हणत, ओळीवर बोट ठेवून भरत चला.