जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात बोली लावताय? या चुका टाळा

मोंढ्यात सोयाबीनचा सौदा होतो तेव्हा बोली लावणारे सगळे ढिगाभोवती उभे असतात. कोण कुणाचा माणूस, कुठल्या आडतीचं कुणाशी साटंलोटं, हे शेतकऱ्यालाही थोडंफार कळतं. नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात ढीगही दिसत नाही आणि माणूसही. स्क्रीनवर दिसतो तो नुसता ‘बिडर ४१७’. तो कोण, हे लिलाव करणाऱ्यालाच ठाऊक.

मी परभणीचा, हाली सिक्का म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाची नाणी जमवणारा. आपल्याकडे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि हाली चलन १९५९ पर्यंत टिकलं, त्यामुळे जुन्या पेट्यांमधून ही नाणी अजून निघतात. माझी आजी इंग्रजी रुपयाला शेवटपर्यंत ‘कल्दार’च म्हणायची. असं असूनही हवं ते साल, हवी ती स्थिती गावात मिळत नाही आणि लिलावाची वाट धरावी लागते. या वाटेवर मी जिथे जिथे ठेचकाळलो, त्या जागा सांगतो.

आपली कमाल बोली आधीच कळवून झोपी जाणं

मोठी चूक हीच. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खानच्या काळातला, चारमिनारचं चित्र असलेला ‘चारमिनार रुपया’ होता, चित्रातल्या कमानीत ‘ऐन’ हे उर्दू अक्षर स्वच्छ. लिलाव दुपारी, मी कामावर. म्हणून आदल्या रात्रीच कमाल बोली, म्हणजे लिलावघराने माझ्या वतीने जिथवर चढत जायचं तो आकडा, कळवली : ४,००० रुपये. सुरुवात १,५०० पासून. संध्याकाळी निरोप आला, ‘अभिनंदन, नाणं आपलं, ४,००० ला.’

बरोब्बर ४,०००. मग बोलींचा इतिहास उघडला. खरा प्रतिस्पर्धी २,२०० वर थांबला होता आणि माझ्या नावावर २,४०० लागले होते. तिथेच हातोडा पडायला हवा होता. तेवढ्यात ४१७ उगवला. २,६००, माझे आपोआप २,८००. त्याचे ३,०००, माझे ३,२००. त्याचे ३,४००, माझे ३,६००. त्याचे ३,८००, माझे ४,०००. आणि तो गप्प. चार बोली, सगळ्या एका मिनिटात, आणि थांबला तो नेमका माझी पिशवी रिकामी झाल्यावर.

कमाल बोलीची पद्धत मुळात वाईट नाही. विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये दाखवून दिलं की, जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके पैसे द्यायचे असतील तर प्रत्येकाने मनातली खरी किंमत सांगणंच शहाणपणाचं ठरतं. (त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळालं.) पण हे गणित एका अटीवर उभं आहे : बंद पाकीट ज्याच्या हातात, त्याने स्वतः बोलीत उतरायचं नाही. माझं पाकीट लिलावघराकडेच होतं.

आता मी कमाल आकडा एका कागदावर लिहितो आणि शेवटच्या दहा मिनिटांत स्वतः बसतो. जमणार नसेल तर मनातल्या आकड्यापेक्षा बराच कमी आकडा कळवतो. नाणं गेलं तर गेलं.

नियमांचं पान न वाचता ‘मान्य आहे’ दाबणं

रागारागाने लिलावघराला ईमेल लिहिला. उत्तर दोन ओळींचं : अमुक क्रमांकाचा नियम पाहा. पाहिला. ‘संस्था स्वतःच्या किंवा विक्रेत्याच्या वतीने बोली लावू शकते.’ होतं, बारीक अक्षरात, पण होतं. माझा निम्मा राग तिथेच विरला.

कायदा असा आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ६४ सांगतं की, बोली लावण्याचा हक्क विक्रेत्याने आधी उघडपणे राखून ठेवला तर त्याला बोली लावता येते. तसं न सांगता त्याने स्वतः बोली लावली किंवा कुणाला लावायला बसवलं, तर तो सौदा फसवणुकीचा मानण्याची मुभा खरेदीदाराला आहे. भाव चढवायला खोट्या बोली लावल्या असतील तर खरेदीदार सौदा रद्द ठरवू शकतो. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती किंमत, ठेवणंही कायदेशीर आहे. परदेशात लिलावदार राखीव किमतीपर्यंत, समोर कुणी बोली लावत नसतानाही, झुंबराकडे बघून बोली ‘घेतो’, म्हणून तिला झुंबराची बोली म्हणतात. तिथून वर गेली की ती निव्वळ लबाडी.

म्हणून नियमांत तीनच गोष्टी शोधा. संस्था बोली लावते का? स्वतःच्या मालकीच्या लॉटवरही (लॉट म्हणजे लिलावातली एकेक वस्तू) लावते का? आणि कळवलेली कमाल बोली कुणाकुणाला दिसते? तिसऱ्याचं उत्तर बहुधा लिहिलेलं नसतं. ईमेलने विचारा. फोनवरची ग्वाही नंतर कामाला येत नाही.

एकाच लॉटवरून निकाल देणं

एकदा असं झालं म्हणजे लबाडी झाली, असं नाही. तो माणूस खरोखरच ३,८०० वर थांबला असेल. मी तीन लिलावांचे इतिहास काढून वहीत उतरवले. ४१७ वीसेक लॉटमध्ये होता, जिंकला दोनदा. त्या दोन लॉटचे फोटो मी जपून ठेवले.

एक होता उस्मान अलीच्या आधीचा निजाम महबूब अली खानचा रुपया, कमानीत ‘मीम’ अक्षर. पूर्वी बायका असे रुपये कडी लावून गळ्यात घालायच्या. याच्या वरच्या काठावर, मिनाराच्या शेजारी, कडी तोडल्याचा करडा डाग होता. मार्चमध्ये ४१७ ने तो ३,२०० ला ‘घेतला’. जूनच्या यादीत तोच डाग, तोच मिनार, इतकंच काय, फोटोही तोच. विकलेलं नाणं दुकानातून हललंच नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेत संग्राहक जमवतात त्या खेळाडूंच्या चित्र-कार्डांचा मोठा लिलावदार बिल मास्ट्रो याने खोट्या बोलींनी भाव चढवल्याची कबुली दिली आणि २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली.

वरचा खर्च न धरणं

माझ्या ४,००० वर १५ टक्के कमिशन म्हणजे ६००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०८. झाले ४,७०८, कुरिअर वेगळं. बोली ठरवताना उलटा हिशेब करा. आणि नाण्याची किमान किंमत माहीत असू द्या : माझा चारमिनार रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. बाकी सगळी हौसेची किंमत.

विकणाऱ्यांनो, तुम्हीही

आपलं नाणं लिलावात टाकून भाच्याला ‘जरा बोली लाव रे’ सांगणारे माझ्या ओळखीचे आहेत. वर सांगितलेलं कलम ६४ त्यांच्यासाठीच आहे. राखीव किंमत लिहून द्या, विषय संपला. वाडा पाडताना किंवा विहीर खोदताना सापडलेली नाणी तर परस्पर विकायला काढूच नका. १० रुपयांहून जास्त किमतीचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा १८७८ चा कायदा आहे.

संशय आलाच तर

पैसे भरण्याआधी बोलींच्या इतिहासाचे स्क्रीनशॉट काढा. काही ठिकाणी तो पुढे दिसेनासा होतो. मग आरोप न करता लेखी विचारा : या लॉटवर संस्थेची किंवा विक्रेत्याची बोली होती का, आणि कोणत्या नियमाखाली? उत्तर आलं नाही तर कागद घेऊन वकील गाठा. माझ्या बाबतीत नियम त्यांच्या बाजूने होता, पैसे भरले, रुपया डबीत आहे.

तो कडीच्या डागाचा रुपया सप्टेंबरच्या यादीत तिसऱ्यांदा आलाय. सुरुवात पुन्हा १,५०० पासून. कागदावर मी २,००० लिहिलेत, कळवलेले नाहीत.