लग्न मे महिन्यात, बाळ फेब्रुवारीत, साल मात्र एकच?

सतराव्या शतकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला गेलेला पूर्वज शोधताय आणि गावच्या चर्चच्या नोंदवहीत आईबापाचं लग्न मे १६३१चं, मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६३१चा दिसतोय? लगेच भुवया उंचावू नका. इंग्लंडमध्ये १७५१पर्यंत कायद्याने नवं साल २५ मार्चला लागायचं, जवळपास आपल्या पाडव्याच्या सुमारास. म्हणजे तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने १६३२चा. म्हणजे लग्नानंतर नऊ महिन्यांनी मूल! १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख १६३१/३२ अशी जोडसालानेच टिपा. टंकलेल्या सूचीत कुणी साल आधीच ‘सुधारलं’ असेल, तर तुम्ही पुन्हा एक वाढवून बसाल. म्हणून मूळ पानाचं छायाचित्र उघडाच. स्कॉटिश पूर्वजांना हे लागू नाही, तिथे १६००पासून साल जानेवारीतच सुरू होतं.