कापूस घरात येण्याआधी

दसरा झाला की वेचणी लागते आणि आमच्याकडे बैठकीच्या खोलीचं गोदाम होतं. भाव चढेल या आशेवर कापूस कधी होळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे घरातच पडून राहतो. त्याच खोलीत टीव्ही, चार्जिंगचा बोर्ड आणि देवघर असतं, आणि पोरं ढिगावर लोळून मोबाइल पाहतात. म्हणून आगीपासून बचावाच्या या यादीची सुरुवात याच खोलीपासून.

पहिलं गाठोडं आत पडायच्या आधी वायरमनला बोलवा. उंदरांनी कुरतडलेली वायर, टेप सुटलेला जोड, ढिला सॉकेट त्यानं तपासावा. जमलं तर त्या खोलीतली लाइन तेवढ्या महिन्यांपुरती बंदच ठेवा. नाहीच जमलं तर ढीग बोर्डापासून हातभर तरी लांब घाला आणि लोंबकळणारा बल्ब काढून भिंतीवर वर एलईडी लावा. दिवा, अगरबत्ती आणि डासांची कॉइल दुसऱ्या खोलीत न्या. देवाला राग येत नाही, आजीला येतो. तिची समजूत आधीच घालून ठेवा. मोबाइल चार्जिंगला लावून कापसावर ठेवू नका आणि बिडीवाल्या पाहुण्याला ओसरीवरच बसवा. दवात वेचलेला कापूस उन्हात वाळल्याशिवाय आत घेऊ नका. आठवड्यातून एकदा ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर कापूस उपसून पुन्हा वाळवा. तसाही 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की सीसीआय (कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ) तो घेत नाही.

कापसाची आग गवतासारखी नसते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ती आतल्या आत धुमसते. वरून बादली ओतली की पाणी ओघळून जातं, वरचं काळं पडतं आणि माणूस विझली म्हणून झोपतो. ढिगाच्या पोटात ठिणगी तशीच जिवंत असते. नुसता धूर असेल, तेव्हाच पाणी हाताशी ठेवून तो भाग फावड्यानं उपसावा, अंगणात घरापासून लांब पसरावा, पूर्ण भिजवावा आणि रात्रभर त्यावर कुणीतरी नजर ठेवावी. ज्वाळा वर चढल्या असतील तर कापसाचा मोह सोडून माणसं बाहेर काढा.

पाण्याचं गणित बहुतेकांचं इथे चुकतं. आग लागली की आधी मेन स्विच बंद करावा लागतो, आणि तो बंद झाला की बोअरची मोटारही बंद. लोडशेडिंग असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून 200 लिटरचा एक ड्रम दाराशी आणि एक गोठ्याशी, कायम भरलेला, वर झाकण आणि शेजारी बादली. फवारणीचा जुना पंप स्वच्छ धुऊन साध्या पाण्यानं भरून ठेवला तर धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवताला तो फार कामाला येतो. पण तणनाशक किंवा औषध मारलेला पंप न धुता वापरू नका.

कुटाराचा ढीग, पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या हे सगळं आपण गोठ्याला टेकवूनच रचतो, कारण आणायला सोपं पडतं. मग एक पेटलं की सगळं पेटतं. मधे निदान बैलबंडी फिरेल एवढी मोकळी जागा सोडा. वरून महावितरणची तार जात असेल तर तिच्याखाली काहीच रचू नका. तार खाली झुकली असेल तर 1912 वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. चुलीची राख थेट उकिरड्यावर टाकू नका. वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही इंगळ असतो, आणि चैत्राच्या वाऱ्याला तेवढा पुरतो. आधी पाणी शिंपडा, मग टाका.

धुरे जाळणं टाळता येत असेल तर टाळाच. जाळायचेच असतील तर भल्या पहाटे, वारा नसताना, भोवती नांगराच्या दोन-तीन ओळी काढून, आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत जागेवर थांबून. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. तो जाळू नका, झाडून बाजूला करा. जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे.

गॅसचं थोडक्यात. सिलिंडर उभाच ठेवा, नळीवरची तारीख पाहा आणि पाच वर्षांनी नळी बदला. रात्री रेग्युलेटर बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतो, म्हणून जिथे चूल पेटते तिथे सिलिंडर नको. वास आला तर कुठलंही बटण दाबू नका. दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन 1906 वर फोन करा.

पिठाची गिरणी, दालमिल, थ्रेशर यांचं दुखणं धूळ आणि फ्यूज. मोटारीवरचं पीठ रोज झाडा. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार घालणाऱ्याला हुशार म्हणू नका. गिरणीत आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर हवा, काटा हिरव्या पट्ट्यात असलेला, आणि पिन कशी ओढायची हे नोकरालाही माहीत असलेला. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरजवळ सोयाबीनची गंजी घालू नका.

बंब तालुक्याहून येतो. तो गावात पोचेपर्यंतची सगळी मिनिटं आपली असतात. 101 किंवा 112 ला फोन लागला की फाट्याचं नाव आधी सांगा, आणि एक पोरगा मोटरसायकलवर फाट्यावर उभा करा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं पाणी सोडा. टूथपेस्ट नको, हळद नको. जास्त भाजलं असेल तर 108.

राहिली ढोरं. आग पाहून बिथरलेला बैल दाव्याला ओढ देतो, गाठ आवळते आणि घाबरलेल्या बोटांनी ती सुटत नाही. एका ओढीत सुटेल अशी गाठ मारायची सवय ठेवा आणि दावं कापायला गोठ्याच्या दाराशी धारदार विळा टांगून ठेवा. सुटलेलं जनावर ओळखीच्या गोठ्यात परत शिरतं, म्हणून लांब नेऊन बांधा. विळा दुसऱ्या कामाला न्यायचा नाही, हेही घरात सांगा. आमचा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चारा कापायला नेला. आता दोन टांगले आहेत.