फौजी माणूस गेल्यावर त्याचे कागद कसे शोधावेत: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

कळव्याला आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त हवालदार हार्ट अटॅकने गेले. काकूंची फॅमिली पेन्शन वेळेवर सुरू झाली, त्यामुळे कागदांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे मुलीच्या मनात आलं, की बाबांना बीपी लागलं ते नोकरीत असतानाच, आणि त्याच दुखण्याने ते गेले. मग स्पेशल फॅमिली पेन्शनचा अर्ज का करू नये? मृत्यूचं कारण नोकरीमुळे उद्भवलेलं किंवा नोकरीमुळे बळावलेलं असेल, तर ती मिळू शकते. पण ते सिद्ध करायचं कशाने? घरात होता तो फक्त महापालिकेचा मृत्यू दाखला.

आणि मृत्यू दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. छापायचं राहून गेलंय असं नाही, कायद्यानेच ते तिथे येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 17 प्रमाणे मृत्यूच्या नोंदीचा उतारा कोणालाही मिळतो, पण त्यात कारण उघड करता येत नाही. कारण असतं डॉक्टरांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. नोकरीतल्या आजाराची नोंद असते फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात. ही दोन दप्तरं एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्हींकडचा कागद आपणच आणून शेजारी शेजारी ठेवायचा असतो.

आधी ट्रंक उघडा

सगळ्याची किल्ली म्हणजे आर्मी नंबर. नाव नाही, गाव नाही, नंबर. डिस्चार्ज बुक सापडलं तर नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची आणि निवृत्तीची तारीख सगळं एकाच जागी मिळतं. ते नसेल तर पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं), कॅन्टीन कार्ड किंवा सैनिक बोर्डाचं ओळखपत्र बघा. काहीच नसेल तर माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढा. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेलं असण्याची शक्यता पुष्कळ. आमच्या काकूंनी त्या ट्रंकेत गहू भरून ठेवले होते.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. शिपायाचा पुढे नायब सुभेदार झाला असेल, तर त्याला ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळालेला असतो, म्हणून अर्जात दोन्ही नंबर द्या. आणि पलटणीतून निवृत्त झाल्यावर माणूस डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत, पुन्हा भरती झाला असेल, तर त्या नोकरीचे कागद वेगळे आणि त्यांचं रेकॉर्ड ऑफिस केरळात कन्नूरला.

मृत्यूची नोंद कुठे झाली?

राहण्याच्या जागी नाही, मृत्यू झाला त्या जागी. घर घोडबंदर रोडला असलं आणि माणूस परळच्या इस्पितळात गेला, तर नोंद मुंबई महापालिकेत असते, ठाण्यात कितीही शोधा, सापडणार नाही. कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या इस्पितळात माजी सैनिकांवरही उपचार होतात. तिथे मृत्यू झाला असेल तर मुंबई महापालिकेच्या ए वॉर्डात विचारा.

जुन्या मृत्यूंचं गणित आणखी निराळं. ठाणे महापालिका 1982 ची, नवी मुंबई महापालिका 1992 ची, पनवेल महापालिका 2016 ची. त्याआधीची नोंद त्या वेळच्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वहीत झालेली असणार. म्हणून चौकशी करताना आजचा वॉर्ड सांगण्यापेक्षा जुन्या गावाचं नाव सांगा. मृत्यूची नेमकी तारीख आठवत नसेल तर स्मशानभूमीतली नोंद उपयोगी पडते. तिथली जुनी पावती घरच्या एखाद्या पोथीत सापडते, हा माझा एकट्याचा अनुभव नसावा.

नोंदच झालेली नसेल तर मार्ग आहे, पण लांबचा. एक वर्ष उलटलेल्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही.

कारणाचा कागद

मृत्यू इस्पितळात झाला असेल तर डॉक्टर ‘नमुना 4’ भरतात, घरी झाला असेल तर ‘नमुना 4 अ’. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते. त्याआधीचा मृत्यू असेल तर इस्पितळाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात प्रत मागा.

हा नमुना नीट वाचायला शिका, कारण सगळं प्रकरण इथे ठरतं. पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात. ‘अ’समोर तात्काळ कारण, आणि त्याखाली ते कशामुळे झालं ती साखळी. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार. काकांच्या नमुन्यात ‘अ’समोर हार्ट अटॅक होता, तो मुलीला माहीत होता. तिला हवी होती ती खालची ओळ, आणि तिथे डॉक्टरांनी हायपरटेन्शन लिहिलेलं होतं.

नमुन्यासोबत केस पेपर आणि डिस्चार्ज समरीही मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी भरती रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपायचे असतात, आणि अर्ज आल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. म्हणजे घाई तुम्हालाच आहे, तीन वर्षांनंतर हमी नाही. आम्ही गेलो तेव्हा एका इस्पितळाच्या खिडकीवर ‘पेशंटला घेऊन या’ असं उत्तर मिळालं. काकूंनी मृत्यू दाखला पुढे सरकवला, मग खुर्ची मिळाली. तेव्हा तोंडी विचारू नका. पत्नीच्या किंवा वारसाच्या सहीचा लेखी अर्ज, नात्याचा पुरावा, मृत्यू दाखल्याची प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

इस्पितळाने कागद नष्ट केल्याचं सांगितलं तरी लगेच परत फिरू नका. उपचार ईसीएचएसच्या रेफरलवर झाले असतील, तर इस्पितळाने बिलासोबत कागदपत्रंही पाठवलेली असतात. ज्या पॉलिक्लिनिकने रेफरल दिला तिथे कार्ड क्रमांक आणि इस्पितळात दाखल झाल्याची तारीख देऊन चौकशी करा. ही योजना 2003 साली सुरू झाली, तेव्हा त्याआधीच्या उपचारांसाठी हा रस्ता नाही.

अपघाती मृत्यू असेल तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि पोस्टमार्टेमचा अहवाल मिळतो. लोकलखाली किंवा रुळांवर मृत्यू झाला असेल तर हे कागद लोहमार्ग पोलिसांकडे असतात, शहर पोलिसांकडे नाही.

आता फौजेचं दप्तर

जवानाचे कागद त्याच्या पलटणीच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे (यंत्र-दुरुस्ती कोअरचे) सिकंदराबादला. हवाई दलातल्या एअरमनचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. नौदलाच्या खलाशांचं ऑफिस तर मानखुर्दला चीता कॅम्पजवळ, वाशीहून खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन. अधिकाऱ्यांचे कागद मात्र दिल्लीत मुख्यालयात.

पत्र पत्नीच्या सहीने, हिंदीत किंवा इंग्रजीत, स्पीड पोस्टने. ‘सगळे कागद द्या’ असं मोघम लिहू नका. नेमकं मागा: भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, रिलीज मेडिकल बोर्डाची कार्यवाही, नोकरीत इस्पितळात दाखल झाल्याच्या नोंदी, आणि सर्व्हिस रेकॉर्डचा उतारा. रिलीज मेडिकल बोर्ड सगळ्यांत मोलाचा, कारण निवृत्तीच्या वेळी कोणता आजार होता, तो कधी आणि कुठल्या पोस्टिंगवर सुरू झाला, आणि त्याचा नोकरीशी संबंध आहे की नाही यावर डॉक्टरांचं मत त्यात असतं. भरतीच्या तपासणीत माणूस ठणठणीत होता हे त्यासोबत दाखवता आलं तर बाजू भक्कम होते.

पत्रं लिहायला सैनिक बोर्डाची, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची, मदत घ्या. ती मोफत असते. फक्त आपला जिल्हा ओळखा. वाशी, नेरुळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगडात, आणि रायगडचं कार्यालय अलिबागला आहे. नवी मुंबईत राहतो म्हणून सगळेच ठाण्याला जातात आणि निम्मे परत फिरतात.

महिना-दीड महिना उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. रेकॉर्ड ऑफिस केंद्राचं, तेव्हा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून किंवा 10 रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसोबत अर्ज करा. वैद्यकीय कागद खाजगी माहितीत येतात, म्हणून अर्जदार पत्नी किंवा वारस असावा आणि नात्याचा पुरावा पहिल्याच पाकिटात असावा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

‘कागद नष्ट केले’ असं उत्तर येऊ शकतं. पेन्शन न मिळालेल्या जवानांचे सर्व्हिस कागद आर्मी रेग्युलेशन्सप्रमाणे 25 वर्षांनी नष्ट केले जातात. अशा वेळी ‘लाँग रोल’चा, म्हणजे भरती झालेल्यांच्या नोंदवहीचा, उतारा मागा. त्यात वैद्यकीय तपशील फारसा नसतो, पण नोकरी आणि निवृत्तीचं कारण कळतं. पेन्शन फाइलमध्येही मेडिकल बोर्डाची प्रत असू शकते, म्हणून पीपीओ क्रमांक लिहून प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयालाही एक पत्र टाका. अर्ज फेटाळला गेला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे.

काकूंना रेकॉर्ड ऑफिसकडून आलेल्या पाकिटात रिलीज मेडिकल बोर्डाच्या झेरॉक्स निघाल्या, अर्धवट पुसट. तिसऱ्या पानावर हायपरटेन्शनचं निदान होतं, पुढे एका उंचावरच्या पोस्टिंगचं नाव आणि साल. मुलीने इस्पितळाचा नमुना 4 काढून त्या पानाशेजारी ठेवला, दोन्ही कागदांवर त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली, आणि मग अर्ज लिहायला घेतला.