छोटी, आलिशान आणि बिनटायची क्रूझ: सोलापूरकरांनी जहाज कसं निवडावं

सुट्टी थाटाची हवी, पण जेवायला कोट-टाय घालून बसणं नको, अशा लोकांसाठी हा लेख आहे. सोलापुरात अशी माणसं पुष्कळ. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जाणाऱ्या गावात कोट बाहेर निघतो तो लग्नाच्या फोटोपुरता. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्ती, मुलगा परदेशात स्थिरावला अशा निमित्तांनी क्रूझची चौकशी सुरू होते, आणि पहिला प्रश्न हमखास येतो: "सूट शिवून घ्यावा लागेल का हो?"

ज्या जहाजासाठी शिवून घ्यावा लागेल, ते जहाजच घेऊ नका. कपड्यांचा नियम हा बॅग भरताना बघायचा तपशील समजला जातो. माझं मत उलटं आहे. जहाजावरची संध्याकाळ कशी जाणार हे त्या चार ओळींतून जितकं कळतं, तितकं चकचकीत माहितीपत्रकातून कळत नाही. पण त्याआधी एक काम करा.

आधी माणसं मोजा

'लक्झरी' हा शब्द प्रत्येक कंपनी वापरते, त्यामुळे त्याला अर्थ उरलेला नाही. प्रवाशांचा आकडा विचारा. 'आयकॉन ऑफ द सीज' या अवाढव्य जहाजावर एका खोलीत दोघे या हिशेबाने ५,६१० प्रवासी असतात आणि पूर्ण भरलं तर ७,६००. आपण ज्यांना छोटी म्हणतो त्यांचा हिशेब शंभरापासून सुरू होतो. 'सीड्रीम'च्या दोन्ही जहाजांवर ११२ प्रवासी. 'विंडस्टार'च्या 'विंड स्टार' आणि 'विंड स्पिरिट' या शिडांच्या जहाजांवर १४८, 'विंड सर्फ'वर ३४२. 'रिट्झ-कार्लटन'च्या 'एव्हरिमा'वर २९८. ताहितीच्या बेटांत फिरणाऱ्या 'पॉल गोगँ'वर सुमारे ३३०. 'अझमारा'ची जहाजं सातशेच्या आसपास आणि 'व्हायकिंग'ची बहुतेक सागरी जहाजं ९३०. ही मध्यम म्हणावीत.

माझ्या लेखी तीनशेपर्यंतचं जहाज खरं छोटं. तिसऱ्या दिवशी वेटर नावाने हाक मारतो आणि चौथ्या दिवशी समोरच्या खोलीतली जोडपी ओळखीची होतात. हे सुख वाटतं की डोक्याला ताप, हे घरात आधी बोलून घ्या. ज्यांना गर्दीत हरवून जायला आवडतं, त्यांची शंभर माणसांत कुचंबणा होते.

संध्याकाळी सहानंतरचा नियम वाचा

दिवसा सगळीकडे मोकळीक असते. हाफ पँट, टी-शर्ट, कुर्ती, काहीही चालतं. पोहण्याच्या ओल्या कपड्यांत जेवणघरात जाऊ नये, इतकंच. खरा नियम सहानंतर लागू होतो आणि तिथे चार-पाच गोंडस नावं भेटतात: रिसॉर्ट कॅज्युअल, यॉट कॅज्युअल, एलिगंट कॅज्युअल, कंट्री क्लब कॅज्युअल. नावं निरनिराळी असली तरी बहुतेकांचा मथितार्थ एकच असतो. पुरुषांनी फुल पँट आणि कॉलरचा शर्ट, बायकांनी आपण नातेवाइकांकडे जेवायला जातो तसे नीटनेटके कपडे. हाफ पँट, बिनबाह्यांचा बनियन-छाप टी-शर्ट आणि रबरी चप्पल रात्री नको.

नियमाच्या भाषेत एक मेख असते. 'जॅकेटची गरज नाही' असं लिहिलं असेल तर ते खरंच नसतं. 'ऐच्छिक' असेल तर निम्मे लोक घालतात. 'सुचवलं आहे' असं असेल तर बहुतेक सगळे घालतात आणि साध्या शर्टात बसलेल्या माणसाला उगाच चोरट्यासारखं होतं. 'विंडस्टार', 'सीड्रीम' आणि 'अझमारा' पहिल्या वर्गात मोडतात. टाय कुठेच मागत नाहीत. याच्या दुसऱ्या टोकाला 'क्युनार्ड'ची मोठी जहाजं. तिथे काही संध्याकाळी 'गाला' म्हणजे नटूनथटून जेवायच्या असतात आणि लोक त्या नटण्यासाठीच तिकीट काढतात. त्यात वावगं काही नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाला पांढऱ्या बाराबंदीशिवाय शोभा नाही, तसाच तोही एक रिवाज आहे. फक्त आपल्याला तो हवा आहे का, ते ठरवा.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. संपूर्ण सफरीत एखादी तरी 'फॉर्मल' रात्र आहे का? लांबच्या सफरीत ती हळूच घुसवलेली असते. आणि जहाजावरच्या एखाद्या खास रेस्टॉरंटचा नियम वेगळा आहे का?

कपड्यांवरून संध्याकाळ कळते ती अशी. जिथे नटायचं असतं तिथे बहुधा जेवणाची वेळ ठरलेली, फोटोग्राफर हजर आणि नंतर मोठ्या रंगमंचावर नाच-गाणं. जिथे शर्ट-पँट चालते तिथे मनाला येईल तेव्हा, वाटेल त्या टेबलावर बसायचं, एखाद्या रात्री डेकवरच जेवण, एक पियानोवाला आणि साडेदहाला सामसूम. ज्यांना रोज शो हवा, घसरगुंडीचा तलाव हवा, बरोबर दहा वर्षांची नातवंडं आहेत, त्यांनी छोट्या जहाजाच्या फंदात पडू नये. 'व्हायकिंग' तर अठराच्या आतल्यांना घेतच नाही आणि त्यांच्याकडे कॅसिनोही नाही.

आता बॅगेचं. आठवड्याच्या सफरीला पुरुषाला दोन सुती पँट, चार शर्ट आणि एक चांगला कुर्ता पुरतो. कुर्ता-पायजमा अशा जेवणाला झकास दिसतो. बायकांची चिंता त्याहून कमी, कारण साडी कुठल्याही नियमात पास होते. पण चाटी गल्लीतून नवी कोरी रेशमी साडी घेताना डेकवरचा वारा आठवा. पदराला पिन लावली नाही तर तो शेजारच्याच्या सूपमध्ये. सुती इरकल जास्त सोयीची. कोल्हापुरी चप्पल मात्र घरी ठेवा; ओल्या लाकडी डेकवर चामड्याचा तळ सटकतो. रबरी तळाचे सँडल घ्या. टॉवेल अजिबात नेऊ नका, मग तो आपल्या सोलापूरचा का असेना. खोलीत, तलावाजवळ, किनाऱ्यावर उतरताना, सगळीकडे देतात.

छोटं जहाज, पण ऐसपैस आहे का?

जहाजाचं 'ग्रॉस टनेज' शोधा आणि त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. हे टन वजनाचे नसून आतल्या जागेचं माप आहे; भागाकार जितका मोठा, तितकी माणशी जागा जास्त. 'सीड्रीम'चं गणित सुमारे ४,३०० भागिले ११२, म्हणजे ३८. 'आयकॉन'चं ४४ च्या आसपास. 'सीबोर्न एन्कोअर'चं ६७ च्या पुढे आणि 'एव्हरिमा'चं जवळजवळ ९०. म्हणजे छोटं जहाज आपोआप मोकळं असतं असं नाही. खोलीला गॅलरी हवी असेल तर ती त्या जहाजावर आहे की नाही, हेही बघा. शिडांच्या जुन्या जहाजांवर नुसत्या गोल खिडक्या असतात.

गुडघे आणि बोट लागणं

इथे घाई करू नका. 'विंड स्टार' आणि 'विंड स्पिरिट'वर लिफ्ट नाही. 'स्टार क्लिपर्स'च्या शिडांच्या जहाजांवरही नाही. आईला घेऊन जाणार असाल तर फोटोतली पांढरी शिडं विसरा. छोटी जहाजं बऱ्याच ठिकाणी धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकतात आणि लहान बोटीने किनाऱ्यावर सोडतात. हेलकावणाऱ्या बोटीत पाय टाकायचा असतो. खलाशी दंड धरतात, तरी गुडघा साथ द्यायला हवा. ग्रीसच्या सांतोरिनी बेटाला तर सगळीच क्रूझ जहाजं अशी थांबतात आणि वर गावात जायला केबल कार किंवा पाचशेच्या वर पायऱ्या.

या लहानपणाचा फायदाही आहे. ग्रीसमधला कोरिंथचा कालवा ६.४ किलोमीटर लांब आणि तळाशी जेमतेम २१ मीटर रुंद आहे. मोठी जहाजं त्याच्याकडे बघूही शकत नाहीत. छोटी मात्र दोन्ही बाजूंच्या कातळाला हात लागेल की काय, अशा बेताने त्यातून जातात. तुमच्या सफरीत तो असेल तर वेळापत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं.

ज्यांना सोलापूर-पुणे प्रवासात गाडी लागते, त्यांनी बोट लागणार हे धरून चालावं. छोटं जहाज लाटांवर जास्त डोलतं. ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या ईजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. त्यापेक्षा मे-जून किंवा सप्टेंबर बरा. कॅरिबियनला डिसेंबर ते एप्रिल. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या. गोळ्या आपल्या डॉक्टरांकडून लिहून न्या. पहिलीच वेळ असेल तर मुंबईहून सुटणाऱ्या 'कॉर्डेलिया'वर दोन रात्री काढून बघा. ते छोटंही नाही आणि शांतही नाही, पण आपलं पोट समुद्राला कसं वागतं ते कमी पैशांत कळतं. समुद्रच नको असेल तर 'गंगा विलास' आहे: १८ स्वीट, ३६ प्रवासी, जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला पहिली सफर. नदीवर बोट सहसा लागत नाही.

जेवणाचं लेखी ठरवा

छोट्या जहाजाचं स्वयंपाकघर एकच आणि सामान आधी भरलेलं. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, काय असेल ते बुकिंग करतानाच ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. नुसतं 'व्हेज' म्हटलंत तर रोज पास्ता आणि उकडलेल्या भाज्या येतील. 'दोन वेळा भारतीय जेवण, डाळ-भात चालेल' असं लिहिलं तर आचारी तयारी ठेवतो. शेंगा चटणी न्यायची असेल तर कारखान्यातलं सीलबंद पाकीट घ्या आणि कंपनीला विचारून घ्या. घरची डब्यातली अडवली जाऊ शकते.

दर आणि व्हिसा

छापलेला दर माणशी असतो आणि एका खोलीत दोघे धरलेले असतात. एकट्याला जादा पडतं. या वर्गातल्या जहाजांचा साधारण दर माणशी रात्रीला तीनशे ते हजार डॉलर धरा. त्यात बंदर शुल्क, टीप, दारू, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली यांतलं काय आहे, ते एकेक करून विचारा. जे जोडपं मद्य घेत नाही, त्यांनी 'सगळं समाविष्ट' दराला भुलू नये. भारतातून परदेशी पॅकेज घेताना टीसीएस म्हणजे आगाऊ आयकर घेतात, तो विवरणपत्र भरताना वळता होतो. दर बदलत असतो, सीएंना विचारा. वैद्यकीय विम्यात जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलेला हवाच.

पासपोर्टसाठी सोलापुरात पोस्टातलं सेवा केंद्र आहे. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, बोटांच्या ठशांसाठी पुणे-मुंबई गाठावी लागते. अथेन्सहून निघून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसमध्ये येणारी सफर असेल तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. हे अर्जातच लिहा. एजंट विसरले तर परत येताना प्रवेश मिळत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, शेजारचं मॉन्टेनेग्रो नाही. त्यामुळे दुब्रोव्हनिक-कोटोर अशा सफरीलाही तीच खबरदारी.

बुकिंगच्या आधी पैसे परत मिळण्याच्या तारखा बघा. निघायच्या नव्वद दिवसांच्या आसपास बहुतेक कंपन्या पूर्ण रक्कम मागतात. विमानाची वेळ अशी धरा, की जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही त्या शहरात असाल. त्याच्याही आदल्या दिवशी वंदे भारतने किंवा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईत पोहोचा. रेल्वेला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपल्याच खिशातून जातो.