मोठ्या दुकानसाखळीची हिरवी वचने कशी तपासावीत

पिशवीवरचे हिरवे पानाचे चित्र आणि दुकानाच्या छतावरचे सौरपट्टे विसरा. कंपनीचा ताजा पर्यावरण अहवाल घ्या, सोबत पाचसहा वर्षांपूर्वीचाही. जुना हवाच, कारण न झेपलेली उद्दिष्टे नव्या अहवालातून गुपचूप गळतात. २०३० पर्यंत निम्मी पार्सले निव्वळ शून्य उत्सर्जनात पोहोचवू, असे ॲमेझॉनने २०१९ साली सांगितले होते. २०२३ मध्ये ते स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून सोडून दिले.

आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून घट मोजतात ते, मध्येच बदलले आहे का, ते बघा. विजेचे दोन आकडे दिसतील: एक हरित विजेची प्रमाणपत्रे विकत घेऊन कमी केलेला, दुसरा स्थानिक ग्रिडवर आधारलेला. दुसरा वाचा.

आता खरी मेख. कंपनीचे वचन नेमक्या कोणत्या धुराबद्दल, म्हणजे उत्सर्जनाबद्दल आहे? त्याचे तीन गट करतात, त्यांना स्कोप म्हणतात. स्कोप १ म्हणजे स्वतःचे ट्रक, फ्रीजमधून गळणारा वायू. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे मालाची शेती, कारखाने, बाहेरची वाहतूक, गिऱ्हाइकाचा वापर. किरकोळ विक्रेत्याचा बहुतेक सगळा धूर स्कोप ३ मध्ये असतो. वॉलमार्टचे २०४० चे शून्याचे वचन फक्त पहिल्या दोन स्कोपपुरते आहे.

मग पुरवठादारांच्या धुराचे काय? तिथे ‘टाळलेले उत्सर्जन’ हा शब्द येतो, आणि इथेच मी एकदा तोंडघशी पडलो. एका अहवालातला चढता आलेख मी घट समजलो आणि चार लोकांना सांगत सुटलो. गणित असे: गेल्या वर्षी १०० टन. काहीच केले नसते तर यंदा १५० झाले असते, हे गृहीत. प्रत्यक्षात १२०. अहवाल म्हणतो, ३० टन टाळले! हवेत मात्र २० टन जास्त गेले. गृहीत फुगवा, बचत आपोआप फुगते. म्हणून हा आकडा दिसला की पान उलटा आणि स्कोप ३ ची वर्षवार एकूण बेरीज शोधा. तीच नसेल तर माझ्या लेखी तो दिखावा. ‘प्रति विक्री घट’ वाचूनही भुलू नका; विक्री वाढली की एकूण धूर वाढलेलाच असू शकतो.

पुरवठादारांचा धूर कमी करण्याच्या वॉलमार्टच्या ‘प्रोजेक्ट गिगाटन’ मोहिमेचे १०० कोटी टन याच हिशेबातले, पुरवठादारांनीच कळवलेले. २०१७ मध्ये ठेवलेले २०३० चे हे उद्दिष्ट सहा वर्षे आधीच गाठल्याचे २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने स्वतःच्या उत्सर्जनाची २०२५ आणि २०३० ची उद्दिष्टे बहुधा हुकतील, असे कबूल केले. मला विचाराल तर ती कबुली त्या गिगाटनपेक्षा मोलाची.

शेवटी माल. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने रेयॉनला (लगद्यावर रसायने वापरून केलेला धागा) ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल वॉलमार्ट आणि कोल्स (Kohl's) या दुकानसाखळ्यांवर कारवाई केली. दोघांचा मिळून दंड ५५ लाख डॉलर. चादरीवर ‘बांबू’ दिसले की लेबल उलटून धाग्याचे नाव वाचा.